मशीन हँग होतं तेव्हा आधी कॅप्स लॉक दाब

अगं, लग्नसराईत रेंडरला लावलेलं मशीन मध्येच गोठलं की पहिला विचार नव्या ग्राफिक कार्डाचा येतो. तो विचार मागे ठेव. कार्डच गेलंय, हे मी सगळ्यात शेवटी धरतो. आणि काहीही खोलण्याआधी ग्राहकाचं फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरव. लग्न परत शूट करता येत नाही.

गोठलं की लगेच बटण दाबून बंद करू नकोस. कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो-विझतो का? गाणं वाजतंय का? तसं असेल तर मशीन जिवंत आहे, अडकलंय ते चित्र. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिकचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पुष्कळदा पडदा परत येतो. दिवाही हलत नसेल आणि आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला असेल, तर दोष खोलवर आहे.

मग वेळ बघ. काम सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी गोठत असेल तर माझा पहिला संशय उष्णतेवर. कॅबिनेटचं झाकण काढ, टेबल फॅन थेट आत सोड आणि तोच प्रोजेक्ट पुन्हा लाव. निभावलं तर दुखणं सापडलं. हीटसिंकच्या पात्यांत धूळ घट्ट बसलेली असते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. मोकळी गरगरली तर बेअरिंग जातं. जुन्या मशीनची थर्मल पेस्टही सुकलेली असते, ती पुसून नवी लाव. मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तिथे भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटने काय करावं!

जोर पडताक्षणीच पडदा काळा होऊन मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस तपास. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, आठ पिनांच्या जोडणीतून आणखी 150. दोन जोडण्या हव्या असतील तर एकाच वायरचे दोन फाटे लावू नकोस, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आण. यूपीएसही बघ: 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हेत, साधारण 360च असतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनच बोलाव. एसएमपीएस मात्र स्वतः कधीच उघडू नकोस. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

कधीही, कसंही गोठत असेल तर ते शोधायला चिकाटी लागते. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर जुन्या ड्रायव्हरवर परत जा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एडिटिंगला स्टुडिओ ड्रायव्हर घे. रॅमला वेग वाढवणारं एक्सएमपी लावलं असेल तर ते काढून बघ, मग रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालव. एक जरी चूक दिसली तरी एकेक रॅम वेगळी लावून तपास. सी ड्राइव्ह भरलेला असेल तर तोही रिकामा कर.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदललेल्या मशीनचं निदान मलाही करता येत नाही.

एवढं करूनही गोठलं तर कार्ड काढ, दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये लाव आणि हाच प्रोजेक्ट रेंडर कर. तिथेही गोठलं तर बिल शोध, वॉरंटीची तारीख बघ आणि मला फोन कर.