ओठावरचा ताप आणि बाळाची पापी

ताप उतरला की एक-दोन दिवसांत ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा घोस उठतो. घरात कोणी म्हणते, "ताप फुटला." कोणी म्हणते, "उष्णता बाहेर पडली." कोणी म्हणते, "रात्री अंगावरून कोळी फिरला." मोठ्या माणसाचा फोड आठ-दहा दिवसांत सुकतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण त्याच ओठाने लहान बाळाची पापी घेतली तर काय होऊ शकते, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

हा फोड कशाचा?

हा फोड हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतो. कोळ्याचा, नजरेचा किंवा कोणाच्या कोपाचा त्याच्याशी संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील दर तीन माणसांपैकी साधारण दोघांच्या शरीरात हा विषाणू असतो. त्यामुळे यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तो बहुधा लहानपणीच लाळेतून किंवा पापी घेतल्याने शिरतो आणि पुढे चेहऱ्याच्या नसेत आयुष्यभर दडून राहतो. ताप, सर्दी, जागरण, कडक ऊन यांमुळे पुन्हा जागा होतो. म्हणजे तापानंतर फोड येतो हे आपल्या आज्यांचे निरीक्षण बरोबरच होते, फक्त त्याचे कारण विषाणू आहे. कामठीचे मे महिन्याचे ऊनही त्याला जागे करू शकते. ज्यांना हा फोड वारंवार येतो त्यांनी बाहेर पडताना दुपट्ट्याने तोंड झाकावे.

मुलाला पहिल्यांदा होते तेव्हा

पुष्कळ मुलांना पहिल्या लागणीत काहीच जाणवत नाही. काहींना मात्र, विशेषतः सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना, जोराचा ताप येतो. हिरड्या लाल होऊन सुजतात, त्यातून रक्त येते. जिभेवर, गालाच्या आत, ओठांवर फोड येतात. लाळ गळते, मूल किरकिर करते आणि घास तोंडात घेत नाही. हे दुखणे दहा ते चौदा दिवसांत बरे होते. या दिवसांत खरा धोका फोडांपेक्षा पाणी कमी पडण्याचा असतो. तोंड दुखते म्हणून मूल पीत नाही आणि उन्हाळ्यात ते लवकर सुकते.

घरी काय करावे

- दर दहा-पंधरा मिनिटांनी चमच्याने थोडे थोडे पाजा: गार पाणी, पातळ ताक, गार दूध, भाताची पेज, जीवनजल. जीवनजल पाकिटावर लिहिलेल्या मापानेच बनवा. सहा महिन्यांखालील बाळाला अंगावरचे दूधच पाजा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.
- मऊ, गार खायला द्या: दही-भात, कुस्करलेले केळे, पातळ वरण. तिखट, खारट, लिंबू आणि संत्री काही दिवस टाळा.
- ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण डोस मुलाच्या वजनावर ठरतो. बाजारात ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. नाव एकच, ताकद दुप्पट! म्हणून बाटली डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवूनच डोस ठरवा. दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवा.
- ओठ कोरडे पडून फाटत असतील तर हात धुऊन साधे व्हॅसलिन लावा.

काय करू नये

फोडावर चुना, राख, टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका. मुलाला ॲस्पिरिन देऊ नका. तोंड बधिर करणारे जेल दोन वर्षांखालील मुलाला लावू नका. दुकानातून खाज-गजकर्णाची ट्यूब आणून लावू नका, कारण अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते आणि त्याने ही लागण वाढू शकते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचे औषध आहे. पहिल्या लागणीत ते पहिल्या तीन दिवसांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, म्हणून दाखवायला उशीर करू नका.

थांबू नका, दवाखान्यात न्या

- सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, डोळे खोल गेले किंवा मूल सुस्त पडले.
- डोळा लाल झाला, दुखतो किंवा डोळ्याजवळ फोड आले. घरात पडलेले थेंब डोळ्यात घालू नका.
- इसब असलेल्या मुलाच्या अंगावर अचानक फोड पसरले.
- झटका आला, मूल बरळू लागले किंवा जागे होत नाही.
- महिना-दीड महिन्याच्या आतील बाळाला फोड आले, ताप आला किंवा ते दूध ओढत नाही. या वयात हा विषाणू मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. एक दिवसही वाट पाहू नका.

कामठीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. मोठ्या उपचारासाठी नागपूरला मेयो आणि मेडिकल आहे. मूल गंभीर असेल तर १०८ ला फोन करा.

पसरू नये म्हणून

एका खोलीच्या घरात सगळे वेगळे ठेवता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण फोड असलेल्याचा पेला, चमचा आणि टॉवेल तेवढ्या दिवसांपुरता वेगळा ठेवता येतो. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा. आईच्या ओठावर फोड असेल तर तिने हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून बाळाला दूध पाजावे. स्तनावर फोड असेल तर तो बरा होईपर्यंत त्या बाजूने पाजू नये. लाळ गळत असेपर्यंत मुलाला अंगणवाडीत पाठवू नका.

राहिली बाळाची पापी. नामकरणाच्या दिवशी बाळ दहा हातांतून फिरते. नव्या आईला सासूला, आत्याला "पापी घेऊ नका" म्हणता येत नाही. म्हणून हा नियम तिच्यावर सोडू नका. ज्याच्या ओठावर फोड आहे त्यानेच आधी म्हणावे, "माझा ओठ बरा होऊ दे, मग घेते पापी." तोवर बाळाला लांबून हसवावे.