अर्जंट ऑर्डर आली तर? (फोटोग्राफी करणाऱ्या ताईंसाठी)



शिलाई, शेळीपालन, मसाला यांच्या जोडीला आता आपल्या गटांत कॅमेराही आला आहे. डोहाळजेवण, बारसं, हळद अशा बायकांच्या कार्यक्रमात फोटो काढायला बाईच असली की घरच्यांनाही मोकळं वाटतं. गटाच्या बैठकीला आले की या ताई एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, उद्याच कार्यक्रम आहे म्हणून फोन येतो. घ्यायची का ऑर्डर?" या वेळचा पाठ त्यावरच आहे.

आपल्याकडे अर्जंट फोन येणारच. सकाळी पाहुणे मुलगी बघायला येतात, दुपारी पसंती होते आणि संध्याकाळी सुपारी फुटते. कधी साखरपुड्यातच लग्न लावून मोकळे होतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की एकाच तारखेला तीन गावांतून बोलावणं येतं. म्हणून नियम आधी ठरवून ठेवायचे, फोन वाजल्यावर नाही.

लगेच "हो" म्हणायचं नाही

समोरचा घाईत असतो. त्याच्या घाईने आपण "हो" म्हणून बसतो आणि मग गाडी शोधत फिरतो. त्यापेक्षा सरळ सांगा, "दादा, अर्ध्या तासात पक्कं कळवते." आणि अर्ध्या तासात फोन कराच, उत्तर "नाही" असलं तरी. म्हणजे त्यांना दुसरा फोटोग्राफर शोधायला वेळ मिळतो.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तसेच हे पाच प्रश्न पाठ करा:

1. कार्यक्रम नेमका कोणता? साखरपुडाच आहे की त्यातच लग्न लावणार? (काम दुप्पट होतं, म्हणून हे आधी विचारायचं.)
2. गाव कोणतं, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार?
3. फोटोच पाहिजेत की व्हिडिओसुद्धा? अल्बम कधी हवा?
4. घरातलं कोण आपल्याशी बोलणार? एकाच माणसाचं नाव आणि नंबर घ्या.
5. पैसे कोण देणार आणि इसार आत्ता पाठवणार का?

बाहेरच्या जागी शूटिंग असेल तर परवानगीही विचारा. उद्या कासला प्री-वेडिंग करू म्हणणं सोपं आहे, पण फुलांच्या हंगामात तिथे आधी ऑनलाइन बुकिंग लागतं. ते झालंय का, हे पाहिल्याशिवाय तारीख देऊ नका.

अर्जंटचा दर कसा काढायचा?

जास्त पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो. म्हणून हिशोब कागदावर मांडा. समजा, साखरपुड्याचा तुमचा नेहमीचा दर 5,000 रुपये आहे. अर्जंटला मदतनीस 800, रात्री परत यायला गाडी 700 आणि दुसऱ्याकडून फ्लॅश भाड्याने 300, असा जादा खर्च 1,800 रुपये होतो. नेहमीच्याच दरात गेलात तर हे 1,800 तुमच्या मजुरीतून जातात. कर्जाचा हप्ता मात्र कमी होत नाही. म्हणून 7,000 सांगा आणि जादा पैसे कशाचे, तेही सांगा. निम्मे पैसे निघण्याआधी घ्या. बैल घेताना इसार देतात, वाजंत्र्याला सुपारी देतात. मग फोटोवालीने इसार मागितला तर त्यात वावगं काय? पैसे मिळाल्याची पावती किंवा मेसेज लगेच पाठवा.

आधीचा शब्द मोडायचा नाही

ही सगळ्यात अवघड जागा. गावातल्या एका घरचं 3,000 रुपयांचं बारसं तुम्ही घेतलंय आणि त्याच दिवशीच्या लग्नाला 15,000 देतो म्हणून फोन आला. मन डळमळतं. पण बारसं सोडू नका. त्या घरची बाई तुमच्या भरवशावर आहे आणि बाळाचं बारसं परत होत नाही. शिवाय गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

"नाही म्हटलं की गिऱ्हाईक तुटतं," असं ताई म्हणतात. नुसतं "नाही" म्हटलं तर तुटतं. म्हणून तालुक्यातल्या तीन-चार फोटोग्राफर ताईंची यादी करा. "माझी तारीख गेली आहे, पण या ताईंना विचारून देते," असं सांगा. काम दुसरीला दिलं तर किती टक्के कोणाचे, हे आधीच लिहून ठेवा. घेतलेल्या तारखांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा, म्हणजे फोन घरातल्या कोणीही उचलला तरी घोळ होणार नाही.

दुःखाच्या घरचं काम

कधी पहाटे फोन येतो की घरातलं माणूस गेलंय, हार घालायला मोठा फोटो पाहिजे. इथे जादा दर लावायचा नाही. जुना फोटो ग्रुपमधून कापून मोठा करायचा असेल तर कोणता घ्यायचा ते घरच्यांनाच ठरवू द्या. नाव आणि तारखा लिहून घ्या आणि छापण्याआधी घरातल्या एकाला वाचायला लावा. पैशाचं नंतर बोला. असं काम घर विसरत नाही.

बाईने अर्जंटला धावावं का?

होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. पुढे दिल्लीत साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणजे धावायला हरकत नाही, पण तयारीनिशी. रात्रीच्या कामाला सोबत घ्या, गावाचं नाव आणि यजमानांचा नंबर घरी सांगून जा, परतीची गाडी जातानाच ठरवा. अडचण आली तर 112 लावा. ठिकाणाबद्दल किंवा माणसांबद्दल मनात शंका आली तर पैसे कितीही असोत, "नाही" म्हणा.

पिशवी कायम भरलेली ठेवा: चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या, रिकामी दोन कार्डं, फ्लॅशचे सेल, चार्जर, पावती पुस्तक. घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

पुढच्या बैठकीत करा

दोघी दोघी बसा. एकीने घाईत असलेलं गिऱ्हाईक व्हायचं, दुसरीने पाच प्रश्न विचारायचे. मग सगळ्यांनी मिळून आपापल्या गावचा अर्जंटचा दर काढायचा आणि वहीत लिहायचा. लिहिलेला दर सांगताना आवाज अडखळत नाही.