संगणकाचे सुटे भाग : निवडीचा मध्यम मार्ग

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे; ते रोज घरून आणावे लागे. त्या गोणपाटापासून संगणकाच्या खुर्चीपर्यंत आपण शिक्षणाच्या बळावर आलो. म्हणून सातारा-सांगलीतील पालकांनी कष्टाचा पैसा झगमगाटावर घालवू नये.

सुटे भाग जुळवून संगणक करताना प्रथम उपयोग ठरवावा. अभ्यासासाठी अंतर्भूत ग्राफिक्सचा प्रोसेसर पुरतो; स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाऐवजी एसएसडी व १६ जीबी रॅम घ्यावी. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटशी जुळतो ना, हे पाहावे. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. एसएमपीएस मात्र स्वस्तातला घेऊ नये. तो बिघडल्यास इतर भागही जळू शकतात.

उधळपट्टी नको, कंजूषीही नको. तथागतांचा मध्यम मार्ग खरेदीतही उपयोगी पडतो.