आठवणींचा मुकादम

वायवाला बसल्यावर सगळं विसरणं हा आपल्या सर्वांचा लाडका आजार! पण तो काही खरा आजार नव्हे, कारण बाहेर कॉरिडॉरमध्ये आलं की उत्तर बरोबर आठवतं. खरा आजार म्हणजे आठवण साठवणारी यंत्रणाच बिघडणं. त्याला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. आमच्या पेण-रोह्याकडे मात्र त्याला एकच शब्द आहे, म्हातारचळ. हा शब्द उच्चारला की विषय संपला, डॉक्टरची गरज नाही!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यातला सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. यात मेंदूत विशिष्ट प्रथिनं साचतात आणि पेशी मरत जातात. सुरुवातीलाच मार बसतो तो हिप्पोकॅम्पस या भागाला. कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना असलेला हा भाग दिसतो समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव.

हिप्पोकॅम्पस नसेल तर काय होतं? १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी ऑपरेशन करून तो बराचसा काढला गेला. त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात रोज सुधारत गेला. गंमत म्हणजे, आदल्या दिवशी हेच केलं होतं हे त्याला आठवत नसे! म्हणजे हाताचं कसब मेंदूत वेगळीकडे साठतं.

हे वाचल्यावर मला पेणमधल्या आमच्या आळीतले एक आजोबा समजले. आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलं. आता ते नातवाचं नाव विसरतात, जेवलो की नाही तेही विसरतात. पण हातात ब्रश दिला की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून करतात. लोक म्हणतात, "नाटकं आहेत, कामाचं बरं आठवतं!" नाटकं नाहीत हो, एक खोली पडली तरी दुसरी अजून उभी आहे, इतकंच.

आता आपण इंजिनिअर. वस्तू का मोडली हे कळायचं तर ती बनते कशी हे आधी बघतो. नेमकं हेच काम मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांनी केलं. गर्भात मेंदू घडताना हिप्पोकॅम्पस कुठे बनायचा हे कोण ठरवतं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर मिळालं ते असं, की मेंदूच्या कडेला पेशींची एक छोटी पट्टी असते. ती साइटवरच्या मुकादमासारखी शेजारच्या पेशींना हुकूम देते, "तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा." आणि मुकादम कोणी व्हायचं ते ठरवतं एलएचएक्स-२ नावाचं जनुक. उंदराच्या गर्भात अगदी सुरुवातीला काही ठिकाणी हे जनुक बंद केलं, तर तिथे नवे मुकादम तयार झाले आणि प्रत्येकाच्या शेजारी जादा हिप्पोकॅम्पस! अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबरचं हे संशोधन २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. पुढे त्यांना २०१० चा भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

म्हणजे औषध सापडलं का? नाही. हे प्रयोग उंदराच्या गर्भावरचे आहेत, आणि मेलेल्या पेशी परत आणणारं औषध आजही नाही. पण आठवण ही हवेतली गोष्ट नसून तिला जागा आहे, बांधणी आहे, आराखडा आहे, हे त्यातून लख्ख दिसतं. आणि जी गोष्ट बांधलेली आहे ती बिघडू शकते. बिघाडाला 'चळ' म्हणून कसं चालेल?

म्हणून एवढंच करा. घरातलं कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागलं, तर हसू नका, रागावू नका, डॉक्टरकडे न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरच निघाला तरी घरच्यांना निदान एवढं कळेल, की हा माणूस मुद्दाम करत नाही. त्याच्याशी वागायला तेवढं कळणंसुद्धा खूप असतं.