बाकावरून दिसणारा खेळ

चि. ओंकार,


अमरावतीच्या विभागीय बास्केटबॉल सामन्यात तुला शेवटपर्यंत बाकावरच बसवलं, म्हणून वाशिमला परतल्यापासून तू बॉलला हात लावला नाहीस, असं ताई फोनवर सांगत होती. चार दिवस रुसायला हरकत नाही. तोवर स्टीव्ह करची हकिकत वाच.

उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे एनबीएच्या हिशेबात बुटकाच. 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, त्याचा नंबर लागला पन्नासावा. पंधरा हंगाम खेळला, पण सामन्यामागे सरासरी गुण जेमतेम सहा. सुरुवातीच्या पाचांत तर क्वचितच असायचा. नेम मात्र असा, की तीन गुणांचे शंभरातले पंचेचाळीस शॉट आत.

1997 ची अंतिम मालिका, सहावा सामना, 86-86 अशी बरोबरी. टाइम-आउटमध्ये त्याच्याच संघातल्या जॉर्डनने त्याला बजावलं, समोरचा स्टॉकटन माझ्यावर धावून येईल, तू तयार राहा. झालंही तसंच. जॉर्डनने पास दिला, पाच सेकंद उरले असताना करने बॉल रिंगमध्ये टाकला आणि शिकागो बुल्स विजेते ठरले.

2003 मध्ये, खेळाडू म्हणून पाचवं विजेतेपद घेऊन तो निवृत्त झाला. मग समालोचन केलं, फिनिक्स सन्सचं व्यवस्थापन पाहिलं. 2014 ला गोल्डन स्टेट संघाने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक नेमलं, तोवर त्याने एकाही संघाला शिकवलं नव्हतं!

पहिल्याच हंगामात अंतिम मालिकेत संघ 1-2 ने मागे पडला. निक यूरेन हा त्याचा तरुण सहायक जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहत बसला होता. उंचापुरा बोगट बाहेर ठेवा, इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा, असं त्याने सुचवलं. करने ऐकलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले, इग्वोडाला मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि करने पत्रकारांसमोर श्रेय दिलं ते त्या पोराचं नाव घेऊन. (तुमचे सर असं करतात का, हे त्यांना विचारायला जाऊ नकोस.)

तसंच बाकावरून अख्खं कोर्ट दिसतं. पुढच्या वेळी वही घेऊन बस. समोरचा गार्ड डावीकडे किती वेळा वळतो, दमल्यावर कोण पास द्यायचं टाळतो, हे टिपून ठेव आणि टाइम-आउटमध्ये सांग.

पुढे प्रशिक्षक व्हावंसं वाटलं, तर शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळच आहे, प्रशिक्षणाच्या पदविकेसाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. पण आधी बारावी.

पाडव्याला येतो. शाळेतल्या रिंगची जाळी फाटली आहे म्हणे, नवी घेऊन येतो.

तुझा,
मामा