दुसऱ्या दिवशीची सायकल

साताऱ्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: वय 48, शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. पुढच्या वर्षी मुलीकडे जपानला जायचं आहे आणि तिथल्या शिमानामी काइदोवर सायकल चालवायची इच्छा आहे. जमेल का?

जमेल. ओनोमिची ते इमाबारी हा बेटांवरून, पुलांवरून जाणारा रस्ता सुमारे 70 किलोमीटरचा आहे आणि सायकलवाल्यांना वाट कळावी म्हणून कडेने निळी रेघ आखलेली आहे. पण त्याआधी सातारा ते सांगली एकदा सायकलने याच. पहिल्या दिवशी साधारण 50 किलोमीटरवर कराड, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी शेणोली, ताकारी, पलूस, भिलवडीवरून सांगली, साधारण 70.

मुक्काम मुद्दाम सांगतो आहे. पहिला दिवस उत्साहावर कोणीही काढतो. कराडच्या लॉजवर दुसऱ्या सकाळी मांड्या जड झालेल्या असतात, बूड हुळहुळलेलं असतं आणि त्याच सीटवर पुन्हा बसायचं असतं. त्यामुळे सरावही शनिवार-रविवार असा जोडूनच करा. 10 किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. 8-10 आठवड्यांनी दोन्ही दिवस 35-40 व्हायला हवेत. यवतेश्वरचा घाट पहिल्या महिन्यात नको. चालवताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटत असेल तर वेग कमी करा. चाळिशी उलटलेल्यांनी, त्यातही रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी सरावाआधी डॉक्टरांना भेटावं.

सीटची उंची नीट बसवली तर निम्मी दुखणी टळतात. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं ते तळहाताच्या कडेची नस हँडलवर दबल्यामुळे. हातांची जागा बदलत राहा. जांघेत बधिरपणा येतो हे पुरुष लाजून सांगत नाहीत. कृपा करून सांगा. दर 10-15 मिनिटांनी पेडलवर उभे राहा, सीटचं टोक वर उचललेलं नाही ना ते पाहा. सायकलसाठीच्या गादीच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नका आणि मुक्कामी पोचताच गादीची चड्डी धुवून टाका. घामाच्या ओल्या चड्डीतच फोड येतात.

खाण्यासाठी बाहेरून काही आणायला नको. तासगावचा बेदाणा, गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा आणि भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाने मूठभर खा. तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवसाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. श्रमाच्या दिवशी साखर रात्री झोपेतही उतरते. निजण्यापूर्वी तपासा आणि खोलीतल्या सोबत्याला कल्पना देऊन ठेवा.

हेल्मेट हवंच. गाळपाच्या दिवसांत या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हणून उजाडल्यावरच निघा. कुत्रं चावलं तर जखम साबणाने 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. छातीत दाटून आलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर तिथेच थांबा आणि 108 ला फोन करा.

आता कराडची ती सकाळ. पहिले 4-5 किलोमीटर सावकाश चालवा. नुसता जडपणा असेल तर अंग गरम झाल्यावर उतरतो. दुखणं पेडलगणिक वाढत असेल किंवा गुडघ्यावर सूज असेल, तर पुढे रेटू नका. मिरजेकडे जाणारी रेल्वे याच वाटेने जाते. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्टेशनं वाटेतलीच. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याची सुरुवात 1888 मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून केली होती. किर्लोस्करवाडीला पोचाल तेव्हा गुडघ्याला एकदा विचारा आणि मगच सांगलीकडे निघा.