बटाटा, युरिया आणि आपले आरोग्य

‘डॉक्टर, हल्ली बटाट्याला युरिया फार घालतात म्हणे. मग तो खावा की नाही?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत उपवासाला बटाट्याचा कीस करणाऱ्या गृहिणी असतात, तसे बटाटा पिकवणारे शेतकरीही असतात. म्हणून आज नत्र आणि बटाटा यांचे नाते समजून घेऊ.

नत्राशिवाय बटाटा वाढत नाही. पानांतील हरितद्रव्य आणि प्रथिने नत्रापासूनच बनतात. हिरवे पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. ती साखर खाली उतरते आणि जमिनीखालच्या फांद्यांच्या टोकांना धरलेल्या कंदांत पिष्टाच्या रूपाने साठते. नत्र कमी पडले, तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात आणि बटाटे बारीक राहतात.

नत्र जास्त झाले तर काय होते? वेल माजतो, पाला गर्द हिरवा दिसतो, पण कंद उशिरा धरतात आणि पीक उशिरा पक्व होते. साल कोवळी राहते, बटाट्यात पाणी जास्त आणि पिष्ट कमी. असा बटाटा टिकत नाही. ‘क’ जीवनसत्त्वही काहीसे घटते. शिवाय जमिनीत अमोनियाच्या रूपातील नत्र फार झाले, तर मुळांना पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नीट घेता येत नाही. म्हणजे एका अन्नाचा अतिरेक दुसऱ्या अन्नाची उपासमार घडवतो. माणसाच्या आहारातही हेच घडते.

खाणाऱ्याने घाबरावे का?

बटाट्यात नायट्रेट असते. पण पालकासारख्या पालेभाज्यांच्या मानाने ते थोडेच असते. साल काढून उकडल्यावर आणखी कमी होते. तेव्हा घरच्या भाजीने भिण्याचे कारण नाही. तळताना मात्र जपावे. नत्र वाढले की बटाट्यात अ‍ॅस्परॅजिन नावाचे द्रव्य वाढते. १२० अंश सेल्सियसच्या वर तापल्यावर त्याचा साखरेशी संयोग होऊन अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. अन्नातील हे द्रव्य २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी जगापुढे आणले. माणसात ते कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता मानली जाते. म्हणून काप थोडा वेळ पाण्यात भिजवून, निथळून, सोनेरी रंगावर काढावेत. तपकिरी, करपलेले वेफर्स मुलांना देऊ नयेत.

हिरव्या बटाट्याचा दोष काही जण युरियाला देतात. तो हिरवेपणा उजेडाने येतो. त्याबरोबर सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, म्हणून हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा टाकून द्यावा.

खरा धोका विहिरीत

माझ्या मते काळजीची जागा ताटापेक्षा पाण्याच्या घड्यात आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही. बटाट्याची मुळे उथळ असल्याने उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली जाऊन विहिरीला मिळते. सातगाव पठारासारख्या भागात बटाटा पावसाळ्यात घेतला जातो. तेथे तर मोठा पाऊस खत धुऊन नेऊ शकतो.

अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजले, तर नायट्रेटचे नायट्राइट होऊन रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू पोचवू शकत नाही. बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याने असे होते, हे १९४५ साली प्रथम नोंदवले गेले. ही लक्षणे दिसताच बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे. वेळेवर उपचार मिळाल्यास बाळ वाचते.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते तीव्र होते. टीसीएल पावडरनेही ते जात नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मि.ग्रॅ. ही नायट्रेटची मर्यादा आहे. पाणी पाहून वा चाखून ते कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगेन :

१) माती तपासूनच खत द्या.
२) सारे नत्र एकदम देऊ नका. निम्मे लागवडीला आणि निम्मे साधारण महिन्याने, मातीची भर देताना द्या. त्या भरीने कंद झाकले जाऊन हिरवेही पडत नाहीत.
३) मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नका.
४) शेणखत आणि पालाश विसरू नका.

शेतात वाचलेली युरियाची गोणी पैसे वाचवते आणि विहिरीचे पाणीही राखते. त्याच विहिरीचे पाणी आपल्या घरात प्यायले जाते, हे ध्यानात असू द्यावे.